अन्ननलिकेचा कॅन्सर: ऑपरेशनआधी केमो आणि रेडिएशन एकत्र का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातला पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन कधी? आणि डॉक्टर सांगतात, आधी पाच आठवडे केमो आणि रेडिएशन, मग काही आठवडे विश्रांती, मग ऑपरेशन. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढा उशीर कशाला? हा उशीर नाही, उपचार पहिल्या दिवसापासूनच सुरू झालेला असतो. केमो, रेडिएशन आणि ऑपरेशन हे तीन वेगळे पर्याय नसून एकाच उपचाराचे तीन भाग आहेत. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवलंत तरी बरेच निर्णय सोपे होतील. तुमच्या रुग्णाबाबतचा शेवटचा शब्द अर्थातच त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

गाठ काढता येण्यासारखी आहे म्हणतात, मग ती लगेच का काढत नाहीत?

अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. जठराला किंवा आतड्याला बाहेरून जे पातळ आवरण असतं, ते तिला नाही. त्यामुळे भिंतीत वाढलेली गाठ बाहेर पडायला फार वेळ लावत नाही, आणि बाहेर लगेच श्वासनलिका, महाधमनी आणि हृदयाचं आवरण आहे. सर्जनला कडेने दोन बोटं जास्तीची घेऊन कापायला तिथे जागाच नसते. शिवाय अन्ननलिकेच्या भिंतीत लसिकावाहिन्यांचं, म्हणजे पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं, जाळं उभं पसरलेलं असतं. कॅन्सरच्या पेशी त्यातून वर मानेपर्यंत आणि खाली पोटापर्यंत लवकर पोचतात. त्यात दुखणं असं सुरुवातीला काही नसतं. घास अडकायला लागतो तेव्हा नळी बरीच अरुंद झालेली असते आणि आजार बहुतेकदा भिंतीच्या आत खोल गेलेला असतो.

अशा वेळी थेट ऑपरेशन केलं तर गाठ निघते, पण कडेला पेशी राहून जाण्याची भीती मोठी असते. काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ निघणं ही बरं होण्याची पहिली अट. आधी केमो-रेडिएशन दिल्याने गाठ आकसते, आजूबाजूच्या अवयवांपासून सुटी होते आणि कडा स्वच्छ मिळण्याची शक्यता वाढते. ती किती वाढते याचे आकडे पुढे दिले आहेत, ते बोलके आहेत.

मग ऑपरेशन आधी आणि रेडिएशन नंतर, असं का नाही?

ऑपरेशननंतर शरीर थकलेलं असतं, वजन उतरलेलं असतं आणि अनेकांना ठरलेला उपचार पूर्ण घेता येत नाही. दुसरं म्हणजे ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेच्या जागी छातीत वर ओढून घेतलेलं जठर नेमकं किरणांच्या वाटेत येतं. आधी दिलं तर गाठीचा रक्तपुरवठा शाबूत असतो, औषध नीट पोचतं, आणि ज्या भागावर किरण पडले त्यातला बराचसा भाग पुढे ऑपरेशनमध्ये निघूनच जातो.

दोन्ही एकाच वेळी कशाला? एक संपवून दुसरं सुरू केलं तर त्रास कमी होईल ना?

त्रास कदाचित कमी होईल, पण परिणामही कमी होईल. रेडिएशन पेशीच्या डीएनएवर घाव घालतं आणि कॅन्सरची पेशी तो घाव बुजवायच्या मागे लागते. कार्बोप्लॅटिन किंवा सिसप्लॅटिन ही औषधं त्या दुरुस्तीत अडथळा आणतात. पॅक्लिटॅक्सेल पेशीला विभाजनाच्या अशा टप्प्यावर अडकवून ठेवतं, जिथे ती किरणांना सर्वांत जास्त दबते. म्हणून त्याच आठवड्यात दोन्ही मिळाली तर परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. शिवाय केमो रक्तातून सगळीकडे फिरतं. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या, दूर निसटलेल्या पेशींपर्यंत किरण पोचत नाहीत, औषध पोचतं.

एकत्र देण्याची ताकद किती असते हे अमेरिकेतल्या एका जुन्या चाचणीत फार स्पष्ट दिसलं होतं. त्यात ऑपरेशन नव्हतं. एका गटाला फक्त रेडिएशन, दुसऱ्याला रेडिएशनसोबत सिसप्लॅटिन आणि फ्लुओरोयुरासिल. पाच वर्षांनी फक्त रेडिएशनच्या गटात कोणीही जिवंत राहिलं नव्हतं. एकत्र उपचार मिळालेल्यांपैकी 26 टक्के जिवंत होते.

ऑपरेशनआधी दिल्याने खरंच फरक पडतो, हे कशावरून?

याबाबतीत सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते नेदरलँड्समधल्या 'क्रॉस' चाचणीचं. डॉक्टर "क्रॉस प्रोटोकॉल देऊया" म्हणतात ते यालाच. 366 रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्ध्या रुग्णांचं थेट ऑपरेशन झालं. उरलेल्यांना आधी पाच आठवडे कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल आणि 41.4 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) रेडिएशन दिलं, मग ऑपरेशन. थेट ऑपरेशनच्या गटात 69 टक्के रुग्णांच्या कडा स्वच्छ निघाल्या, केमो-रेडिएशनच्या गटात 92 टक्के. आयुर्मानाचा मध्यांक 24 महिन्यांवरून 49 महिन्यांवर गेला. आणि हा फायदा काही वर्षांत विरून गेला नाही. दहा वर्षांनी मोजलं तेव्हा थेट ऑपरेशनच्या गटात 25 टक्के आणि केमो-रेडिएशनच्या गटात 38 टक्के रुग्ण जिवंत होते.

चीनमध्ये फक्त स्क्वॅमस प्रकारच्या कॅन्सरच्या (हे प्रकार पुढच्या प्रश्नात दिले आहेत) 451 रुग्णांवर झालेल्या चाचणीतही हेच दिसलं. तिथे औषधं वेगळी होती, व्हिनोरेलबिन आणि सिसप्लॅटिन, आणि रेडिएशन 40 ग्रे. थेट ऑपरेशनच्या गटाचा मध्यांक 66.5 महिने, आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांचा 100.1 महिने. वेगळा देश, वेगळी औषधं आणि कौल मात्र तोच, म्हणून या उपचारावर एवढा विश्वास आहे.

मध्यांक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे. तो तुमच्या माणसासाठी लिहून ठेवलेला आकडा नव्हे. दहा वर्षांनी जिवंत असलेली माणसंही त्याच आकड्यात मोजलेली आहेत.

बायॉप्सीत 'स्क्वॅमस' किंवा 'अॅडिनोकार्सिनोमा' लिहिलंय. त्याने उपचार बदलतो का?

बदलू शकतो, आणि म्हणूनच हा शब्द सगळ्यात आधी शोधा. स्क्वॅमस कॅन्सर बहुधा अन्ननलिकेच्या वरच्या आणि मधल्या भागात होतो, तंबाखू आणि दारूशी त्याचं नातं घट्ट आहे. अॅडिनोकार्सिनोमा बहुधा खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो. वर्षानुवर्षांचं आम्लपित्त वर येणं आणि स्थूलता ही त्याची मुख्य कारणं.

स्क्वॅमस प्रकार किरणांना जास्त दाद देतो. क्रॉस चाचणीत केमो-रेडिएशननंतर ऑपरेशन झालेल्या स्क्वॅमस रुग्णांपैकी 49 टक्क्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. अॅडिनोकार्सिनोमात हे प्रमाण 23 टक्के होतं. स्क्वॅमस रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यांक 21 महिन्यांवरून 81 महिन्यांपर्यंत गेला. एवढी मोठी झेप कॅन्सरच्या उपचारात क्वचित दिसते.

अॅडिनोकार्सिनोमाचं चित्र मात्र अलीकडे बदललं आहे. जर्मनीतल्या 'इसोपेक' चाचणीत 438 रुग्णांमध्ये क्रॉस पद्धतीची तुलना 'फ्लॉट' नावाच्या चार औषधांच्या केमोशी केली. फ्लॉटमध्ये रेडिएशन नसतं. ऑपरेशनआधी चार आणि नंतर चार फेऱ्या असतात, दर दोन आठवड्यांनी एक. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फ्लॉटचा मध्यांक 66 महिने आणि क्रॉसचा 37 महिने निघाला. त्यामुळे खालच्या टोकाचा अॅडिनोकार्सिनोमा असलेल्या आणि तब्येत धडधाकट असलेल्या रुग्णाला आज अनेक डॉक्टर आधी फ्लॉट सुचवतात. पण फ्लॉट अंगाला जड आहे. वय जास्त असेल, हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर केमो-रेडिएशनचा मार्ग अजूनही योग्य ठरतो.

स्क्वॅमसमध्येही जपानने वेगळी वाट धरली आहे. तिथल्या 601 रुग्णांच्या चाचणीत तीन औषधांचं केमो, दोन औषधांचं केमो आणि दोन औषधं अधिक रेडिएशन असे तीन गट होते. तीन वर्षांनी अनुक्रमे 72.1, 62.6 आणि 68.3 टक्के रुग्ण जिवंत होते. जपानी सर्जन लसिका ग्रंथी काढण्याचं काम फार विस्ताराने करतात, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा सगळीकडे लावता येईलच असं नाही. माझ्या मते स्क्वॅमस असेल तर केमो-रेडिएशन हाच आजही सर्वांत भक्कम आधार असलेला मार्ग आहे. अॅडिनोकार्सिनोमा असेल तर "आम्हाला फ्लॉट का नाही?" किंवा "फ्लॉटच का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. यात भीड बाळगण्यासारखं काही नाही.

हा उपचार कोणाला देत नाहीत?

अगदी सुरुवातीचा, वरच्या थरापुरता कॅन्सर असेल तर दुर्बिणीतून किंवा थेट ऑपरेशनने काम होतं. फ्रान्समधल्या एका चाचणीत पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना केमो-रेडिएशन आधी देऊन आयुष्य वाढलं नाही, उलट ऑपरेशननंतरचे मृत्यू वाढले. म्हणजे "जास्त उपचार तो चांगला" हे गणित इथे चालत नाही.

यकृत, फुप्फुस, हाडं अशा दूरच्या अवयवांत आजार पोचला असेल तर उपचाराचा हेतूच वेगळा असतो. गाठ मानेतल्या भागात असेल तर ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र जाण्याचा धोका असतो, म्हणून तिथे सहसा पूर्ण डोसचं केमो-रेडिएशन हाच मुख्य उपचार ठरतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये छिद्र पडलं असेल तर वेगळाच विचार करावा लागतो.

सुरू करण्याआधी एवढ्या तपासण्या का?

आजार कुठवर आहे आणि शरीर किती पेलेल, या दोन गोष्टी कळाव्यात म्हणून. दुर्बिणीतून तपासणी आणि बायॉप्सी, सीटी स्कॅन, पेट स्कॅन, काही ठिकाणी दुर्बिणीतूनच सोनोग्राफी. गाठ श्वासनलिकेजवळ असेल तर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी. सोबत हृदयाची इको आणि फुप्फुसांची क्षमता मोजणारी फुंकर तपासणी. पेट स्कॅनचा खर्च आणि धावपळ पाहून तो टाळावासा वाटतो, पण सीटीत न दिसलेला दूरचा आजार त्यात सापडू शकतो आणि एक मोठं, निरर्थक ऑपरेशन वाचू शकतं.

त्या पाच आठवड्यांत रोज काय होतं?

सुरुवातीला एक दिवस नुसत्या आखणीचा. तुम्हाला सपाट, कडक टेबलावर झोपवतात, हात डोक्याच्या वर ठेवायला सांगतात आणि त्याच स्थितीत सीटी काढतात. छातीवर सुईच्या टोकाएवढे दोन-तीन ठिपके गोंदतात किंवा मार्करने खुणा करतात. या खुणा पुसू नका, रोज मशीनचा लेझर त्यांच्यावरच जुळवतात. मग काही दिवस डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर बसून किरण कुठून, किती द्यायचे ते ठरवतात. गाठीला पूर्ण डोस आणि फुप्फुसं, हृदय, मणक्यातला मज्जारज्जू यांना कमीत कमी, ही सगळी कसरत तिथे होते. या थांबण्याला रुग्ण कंटाळतात, पण पुढचे कित्येक त्रास याच दिवसांत टळलेले असतात.

नंतर सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशन. क्रॉस पद्धतीत 23 वेळा, दर वेळी 1.8 ग्रे. मशीन गोल फिरतं, आवाज येतो, दुखत काहीच नाही. टेबलावर एकूण दहा-पंधरा मिनिटं जातात, त्यातला बराच वेळ स्थिती जुळवण्यात. आठवड्यातून एकदा केमो. त्या दिवशी आधी रक्ततपासणी, रक्तातल्या पेशी पुरेशा असतील तरच पुढे. मग अॅलर्जी आणि उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शनं, त्यानंतर सलाईनमधून पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. अर्धा दिवस धरून चाला. पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत छातीत आवळल्यासारखं, चेहरा गरम झाल्यासारखं किंवा खाज सुटल्यासारखं वाटलं तर तेव्हाच नर्सला हाक मारा. "थांबेल आपोआप" म्हणून गप्प राहू नका.

रेडिएशन घेतलेल्या माणसाजवळ लहान मुलांनी जाऊ नये का?

खुशाल जावं. बाहेरून दिलेले किरण मशीन बंद होताच संपतात, अंगात काही उरत नाही. कॅन्सरही स्पर्शाने पसरत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, यातलं काहीही लागत नाही. गर्दी आणि सर्दी-खोकल्याची माणसं मात्र टाळा, कारण केमोमुळे रुग्णाचीच प्रतिकारशक्ती कमी झालेली असते.

घासच उतरत नाही, वजन घटतंय. आधी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवून घ्यावा का?

ऑपरेशन करून बरं करण्याचा बेत असेल तर शक्यतो नाही. स्टेंटने दुसऱ्या दिवसापासून खाता येतं म्हणून तो फार आकर्षक वाटतो. पण तो छातीत दुखतो, जागचा सरकतो, कधी भिंतीला छिद्र पाडतो, आणि पुढचं ऑपरेशन अवघड करून ठेवतो. ज्यांच्या बाबतीत ऑपरेशन शक्य नाही त्यांच्यासाठी स्टेंट चांगला आहे, तिथे तो खरा दिलासा देतो.

मग पर्याय काय? नाकातून जठरात जाणारी बारीक नळी, किंवा पोटावर छोटी चीर देऊन थेट लहान आतड्यात बसवलेली नळी, म्हणजे जेजुनोस्टॉमी. पोटावरची नळी थेट जठरात बसवणं सर्जन सहसा टाळतात. कारण पुढे त्याच जठराची नळी करून ती अन्ननलिकेच्या जागी लावायची असते. तिथे भोक पडलं किंवा रक्तवाहिनीला इजा झाली तर पंचाईत होते. म्हणून नळी कोणती आणि कुठे, हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारूनच ठरवा.

नळी म्हटलं की घरच्यांचं तोंड उतरतं, "एवढी वेळ आली का?" असं वाटतं. मला इथे कळकळीने सांगायचंय की नळी ही हार नाही. या उपचारात वजन टिकवणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. वजन झपाट्याने उतरलेल्या रुग्णाचे केमोचे डोस चुकतात, जखमा उशिरा भरतात, जोडलेली अन्ननलिका सुटण्याचा धोका वाढतो. तोंडाने जाईल तेवढं मऊ, पातळ, प्रथिनं आणि उष्मांक भरपूर असलेलं थोडं थोडं दिवसातून सहा-सात वेळा द्या, उरलेलं नळीने. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा आणि ती वही दर भेटीला दाखवा. आहारतज्ज्ञांना पहिल्या आठवड्यातच भेटा, वजन घसरल्यावर नाही.

त्रास कोणते होतात, आणि कधी?

पहिला आठवडा बहुधा सोपा जातो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना जळजळ आणि दुखणं सुरू होतं, कारण किरणांनी अन्ननलिकेचं आतलं अस्तर सोलवटतं. हे दुखणं उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतं. "उपचार संपला आणि दुखणं वाढलं" म्हणून घाबरू नका. गिळण्याआधी घ्यायची सुन्न करणारी औषधं, आम्ल कमी करणारी औषधं आणि दुखणं जास्त असेल तर मॉर्फिनच्या जातीची औषधं यावर असतात. दुखण्यामुळे खाणं बंद होत असेल तर मॉर्फिन घ्यायला कचरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीत ते सुरक्षितपणे घेता येतं आणि गरज संपली की टप्प्याटप्प्याने बंद करता येतं. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, त्यासाठीचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या.

थकवा जवळपास सगळ्यांना येतो. केस विरळ होतात किंवा गळतात, पुन्हा येतात. हातापायांना मुंग्या येऊ शकतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. तरीही क्रॉस पद्धत एकंदरीत पेलणारी आहे. त्या चाचणीत नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांनी केमोच्या पाचही फेऱ्या पूर्ण केल्या, आणि पेशी धोक्याच्या पातळीला जाण्यासारखे गंभीर त्रास थोड्यांनाच झाले. सिसप्लॅटिन असलेल्या पद्धतीत उलट्या, मूत्रपिंड आणि ऐकण्यावरचा परिणाम याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं.

उपचारानंतर काही आठवडे ते काही महिन्यांनी कोरडा खोकला, बारीक ताप आणि धाप सुरू झाली तर ती किरणांमुळे फुप्फुसाला आलेली सूज असू शकते. साधा खोकला म्हणून अंगावर काढू नका, स्टेरॉइडने ती बहुधा आटोक्यात येते.

ताप आला तर?

केमो चालू असताना 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर रात्र असो की सुट्टीचा दिवस, लगेच हॉस्पिटल गाठा. घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. तसंच खोकताना किंवा पाणी पिताना जोराचा ठसका लागायला लागला, रक्ताची उलटी झाली, काळी शी झाली किंवा पाणीसुद्धा उतरेनासं झालं, तर थांबू नका.

मध्ये चार दिवस सुट्टी घेतली तर चालेल का?

शक्यतो नको. खंड पडला की वाचलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, स्क्वॅमसमध्ये तर जास्तच. घरातलं कार्य, प्रवास, कंटाळा यासाठी रेडिएशन चुकवू नका. मशीन बिघडलं किंवा पेशी कमी झाल्या म्हणून खंड पडला तर तो कसा भरून काढायचा हे डॉक्टर ठरवतील.

चौथ्या आठवड्यात जेवण उतरायला लागलं. आता ऑपरेशन टाळता येईल का?

हाच तो प्रश्न, ज्यापाशी अनेक रुग्ण वाट चुकतात. घास उतरू लागतो, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि घरात बोलणं सुरू होतं की आता एवढं मोठं ऑपरेशन कशाला. उपचार संपतो, रुग्ण पुढच्या तारखेला येतच नाही. काही महिन्यांनी पुन्हा अडकायला लागतं तेव्हा तो परत येतो, आणि तोवर कधी कधी ऑपरेशनची संधी गेलेली असते.

गिळता येणं म्हणजे नळी मोकळी झाली, एवढंच. भिंतीच्या आत किंवा शेजारच्या लसिका ग्रंथीत पेशी उरल्या आहेत का, हे गिळण्यावरून कळत नाही. वर दिलेले आकडे पुन्हा पाहा. स्क्वॅमसमध्ये निम्म्यांत आणि अॅडिनोकार्सिनोमात जवळपास चारांतल्या तिघांत पेशी उरलेल्या होत्याच. त्यांतल्या बहुतेकांना तोवर गिळायला बरं वाटत असणार.

मग ऑपरेशन टाळणं कधीच शक्य नाही का? शक्य आहे, पण ते फार शिस्तीने करावं लागतं. नेदरलँड्समधल्या 'सॅनो' चाचणीत हेच तपासलं. केमो-रेडिएशननंतर दुर्बिणीतून खोल बायॉप्स्या, ग्रंथींची सुईने तपासणी आणि पेट स्कॅन, हे सगळं करूनही ज्यांच्यात आजार सापडला नाही, अशा रुग्णांपैकी काहींचं ऑपरेशन केलं आणि काहींना ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा तपासत ठेवलं. दोन वर्षांनी लक्ष ठेवलेल्या गटात 74 टक्के आणि ऑपरेशनच्या गटात 71 टक्के रुग्ण जिवंत होते. म्हणजे नुकसान झालं नाही. पण लक्ष ठेवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत गाठ पुन्हा उगवली, आणि ती वेळेत सापडली ती केवळ तपासण्या चुकवल्या नाहीत म्हणून.

तेव्हा ऑपरेशन नको असेल तर हा निर्णय डॉक्टरांच्या समोर बसून, सगळ्या तपासण्या करून आणि पुढच्या तारखा लिहून घेऊन करा. घरबसल्या, बरं वाटतंय म्हणून करू नका. दोन्हींत फार मोठं अंतर आहे. आणि तुमच्या हॉस्पिटलमध्ये इतक्या काटेकोर तपासण्यांची सोय नसेल, तर मी ऑपरेशनच्या बाजूने उभा राहीन.

ऑपरेशनआधी किती थांबायचं, आणि तेव्हा काय करायचं?

क्रॉस चाचणीत उपचार संपल्यानंतर चार ते सहा आठवड्यांत ऑपरेशन झालं. व्यवहारात सहा ते आठ आठवडे थांबतात. जास्त थांबलं तर गाठ आणखी विरघळेल का, हे स्वीडनमधून चालवलेल्या चाचणीत पाहिलं. चार-सहा आठवड्यांऐवजी दहा-बारा आठवडे थांबून फायदा झाला नाही, उलट जगण्याचा कल थोडा वाईटाकडे दिसला. म्हणून विनाकारण तारीख पुढे ढकलत राहू नका.

हे आठवडे रिकामे नाहीत. तंबाखू, सिगारेट, दारू पूर्ण बंद. रोज चालणं, सुरुवातीला घरातल्या घरात का होईना. तीन छोटे चेंडू असलेल्या उपकरणाने श्वासाचा व्यायाम. वजन शक्य तितकं भरून काढणं. या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त रुग्ण न्यूमोनियामुळे अडचणीत येतात, आणि फुप्फुसं तयार करण्याचा काळ हाच आहे. याच काळात पुन्हा सीटी किंवा पेट स्कॅन होतो, मधल्या काळात आजार दूर पसरला नाही ना हे पाहण्यासाठी.

केमो-रेडिएशनमुळे ऑपरेशन जास्त धोक्याचं होतं का?

योग्य निवड आणि योग्य डोस असेल तर सहसा नाही. क्रॉस चाचणीत हॉस्पिटलमधल्या मृत्यूंचं प्रमाण दोन्ही गटांत 4 टक्केच होतं. ऑपरेशन मात्र मुळातच मोठं आहे. अन्ननलिकेचा बहुतेक भाग आणि आजूबाजूच्या ग्रंथी काढतात, जठराची नळी करून छातीत किंवा मानेत जोडतात. जोड गळणं, न्यूमोनिया, आवाज बसणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं हे मुख्य धोके. मोठी चीर न देता दुर्बिणीतून केलं तर फुप्फुसांचे संसर्ग कमी होतात. एका युरोपीय चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत ते 29 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आले.

पण दुर्बीण की मोठी चीर, यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे हे ऑपरेशन नेहमी करणारं केंद्र निवडणं. तुमच्याकडे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात, हे सर्जनला सरळ विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट कसा वाचायचा?

टी (गाठ किती खोल) आणि एन (लसिका ग्रंथी) या अक्षरांच्या आधी 'वायपी' लिहिलेलं दिसेल. म्हणजे हे मोजमाप आधी उपचार झाल्यानंतरचं आहे. दोन्हींपुढे शून्य असेल तर नमुन्यात कॅन्सर उरलेला नाही, ही सर्वांत चांगली बातमी. मग कडा स्वच्छ आहेत का आणि किती ग्रंथी तपासल्या, त्यातल्या किती बाधित, हे पाहा.

पेशी उरलेल्या असतील तरी वाट संपत नाही. 794 रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा रुग्णांना ऑपरेशननंतर एक वर्षापर्यंत निवोलुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध, दिली. आजार परत न येता गेलेल्या काळाचा मध्यांक 11 महिन्यांवरून 22.4 महिन्यांवर गेला. औषध महाग आहे आणि सगळ्यांना लागू नाही, पण विषय डॉक्टरांकडे काढा. शून्य-शून्य रिपोर्ट असलेल्यांना ते सहसा देत नाहीत.

पुन्हा पूर्वीसारखं जेवता येईल का?

जेवता येईल, पूर्वीसारखं नाही. जठर आता अरुंद नळी झालेलं असतं, त्यामुळे थोडं खाल्लं की पोट भरतं. दिवसातून सहा छोटी जेवणं, सावकाश चावून, पाणी जेवणासोबत न पिता मध्ये. खूप गोड खाल्ल्यावर घाम येऊन धडधडलं तर समजा अन्न आतड्यात फार लवकर उतरतंय. असं गोड कमी करा. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, झोपताना पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवा, नाहीतर आम्ल घशाशी येऊन खोकला लागतो. जोडाची जागा आकसून पुन्हा घास अडकायला लागला तर प्रत्येक वेळी तो कॅन्सरच असतो असं नाही. अनेकदा दुर्बिणीतून ती जागा रुंद करून प्रश्न सुटतो.

किती दिवस तपासायला जायचं?

आजार परत येतो तेव्हा बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून त्या काळात दर तीन-चार महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी, निदान पाच वर्षांपर्यंत. दर वेळी पेट स्कॅन लागत नाही. वजन, गिळणं, खोकला, आवाज आणि मानेतल्या गाठी यांची नीट तपासणी आणि गरजेप्रमाणे सीटी किंवा दुर्बीण. तारखेच्या आधीच वजन पुन्हा उतरायला लागलं किंवा हाडात सतत दुखू लागलं तर तारखेची वाट पाहू नका, फोन करून लवकरची वेळ घ्या.